मावळतीआधीचं पाणी

१

मोटरला काय दुखतंय ते मला तिच्या आवाजावरून कळतं. वीस वर्षं हाच धंदा केला. कामरगावपासून कारंज्यापर्यंत कुणाची मोटर बसली, कुणाच्या विहिरीतला पाइप निसटला की फोन संघदीपलाच येतो, हे मी जरा मिजाशीतच सांगतो. एप्रिलमधल्या त्या सोमवारी कारंज्यात गुलाबबाईंच्या परसात पाय ठेवला, तेव्हा कुणीतरी आत नळ सोडला होता. मोटर खट्‌कन चालू झाली, दहा सेकंदांत बंद पडली, पुन्हा चालू झाली. मी हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं, "काकू, टाकीतला फुगा फाटला."

निळ्या रंगाची, गॅसच्या सिलिंडरहून जराशी मोठी प्रेशर टाकी असते. तिच्या आत रबरी फुगा, फुग्यात विहिरीचं पाणी आणि फुग्याभोवती दाबलेली हवा. त्या हवेच्या जोरावर नळाला पाणी येतं, म्हणून चूळभर पाण्यासाठी दरवेळी मोटर चालू व्हावी लागत नाही. फुगा फाटला की मोटरच्या मागे उठबस लागते.

गुलाबबाई साठीच्या. नवरा केशरीचंद तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगा जिनेश कापडाचं दुकान बघतो. घर नवं, टाइल्सचं, लखलखीत. विहीर मात्र घराच्या कितीतरी आधीची, चिऱ्यांनी बांधलेली, वर लोखंडी जाळी. जैनांचं घर, त्यामुळे पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळूनच घ्यायचं. गाळून झालं की फडकं गाळलेल्या पाण्यानं उलट धुवायचं आणि ते धुण्याचं पाणी परत त्याच विहिरीत सोडायचं. त्याला ते जिवाणी म्हणतात. पाण्यातले बारीक जीव ज्या विहिरीचे त्या विहिरीत परत गेले पाहिजेत. वरून ओतायचंही नाही. तळाला कडी असलेली एक खास बादली असते, ती दोरानं पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची, मग ती अलगद उलटते.

"जुन्या टाकीत पाणी असंन ना रे बाबू?" गुलाबबाईंनी विचारलं.

"असंन दहा-पंधरा लिटर."

"ते गटारात नको सोडू. त्या बादलीनं याच विहिरीत सोडजो, हळूहळू. दुसरीकडे कुठंच नको."

मी मान डोलावली. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. माझे आजोबा भिवाजी यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतल्यावर घरातले सगळे देव टोपलीत घातले आणि अडाण नदीत नेऊन सोडले. मागे वळूनही पाहिलं नाही म्हणतात. पण गिऱ्हाइकाच्या रीतीला नावं ठेवू नयेत, एवढं मला कळतं.

२

टाकी काढली. तोंड खाली करून पाहिलं, तर चार थेंब गळले आणि थांबले. फाटलेला फुगा आतून तोंडाशी येऊन चिकटला होता. हलवलं की आत पाणी डुचमळत होतं, पण बाहेर काही येईना. स्क्रू-ड्रायव्हर घालून पाहिला, तरी नाही. खालची झाकणी खोलायची तर आठ गंजलेले बोल्ट. साडेपाच वाजून गेले होते आणि अजून नवी टाकी बसवायची होती.

गुलाबबाई आत स्वयंपाकाला लागल्या होत्या. त्या घरात चौविहार पाळतात, दिवस मावळायच्या आत जेवण आणि पाणी उरकायचं, मग सकाळपर्यंत थेंबही नाही. मी ती कडीची बादली घेतली आणि रिकामीच खाली सोडली. रहाट कुरकुरला. वर ओढली, पुन्हा सोडली. असं पाच-सहा वेळा केलं.

"सोडलं काय रे?" आतून आवाज आला.

"सोडलं, काकू."

लबाडी होती ती, मी काही सारवासारव करत नाही. पण तेव्हा मला त्यात फार काही वाटलं नाही. पाणी ते पाणी.

नवी टाकी बसवली, हवा भरली, जोडांना टेप गुंडाळली. दीड किलो दाबावर मोटर चालू, अडीच किलोवर बंद. काटा अडीचवर जाऊन असा बसला की मलाच माझं कौतुक वाटलं. जिनेश दुकानातून आला, जेवायला बसला. सगळ्यांचं पाणी पिऊन झालं. गुलाबबाईंनी नळाला बांधलेलं फडकं सोडलं, तांब्या पालथा घातला. आणि मग त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मोटरकडे पाहत होत्या. पाच मिनिटं झाली, सात झाली.

"काय झालं, काकू?"

"मोटर चालू नाही झाली."

"नळ बंद असल्यावर कशी होईन? त्याच्यासाठीच तर टाकी बदलली."

"व्हय," त्या म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. बाहेर दिवस मावळला तरी त्या तिथंच उभ्या होत्या. मला वाटलं, म्हातारपण.

जुनी टाकी जिनेशनं मला देऊन टाकली. नुसता फुगा बदलला की चालण्यासारखी होती. मी ती मोटरसायकलच्या मागे बांधली. घरापर्यंत प्रत्येक खड्ड्याला माझ्या पाठीमागे पाणी डुचमळत होतं.

३

आमचं घर कामरगावच्या कडेला. मी, बायको निता आणि सात वर्षांची रूपा. घरामागे आमचीही विहीर आहे. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या ओट्यावर टाकी आडवी घातली, बोल्ट खोलले आणि फुगा ओढला. पाणी भसकन बाहेर आलं, ओट्यावरून वाहत आमच्या विहिरीत पडलं. किती दिवस कोंडलेलं पाणी, त्याला वास यायला हवा होता. आला नाही. आणि गार होतं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि माझ्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या.

नवा फुगा घालून टाकी आमच्या मोटरला जोडली. न्हाणीत फवारा लावला. रूपा त्याच्याखाली अर्धा तास नाचली. निता म्हणाली, "इतक्या वर्षांत घरचं काम पयल्यांदा केलं बापा तुमी."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. निता समोर, रूपा समोर. घरात चौथं माणूस नाही आणि सगळे नळ बंद. मोटर चालू झाली, सात-आठ सेकंद चालली, बंद पडली.

कुठंतरी गळतंय, दुसरं काय. सगळे जोड कोरड्या फडक्यानं पुसून पाहिले. थेंब नाही. विहिरीतल्या पाइपाचा खालचा व्हॉल्व्ह धरत नसेल, म्हणून तो बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी टाकीतून घरात जाणारा कॉकच बंद केला आणि दाबाच्या मीटरसमोर बसलो. गळती असती तर काटा दिवसभर हळूहळू उतरला असता. तो दिवसभर अडीचवर ठाम होता. मग माझ्या डोळ्यांदेखत झपकन खाली आला, मोटर चालली आणि काटा परत जागेवर गेला. कुणीतरी नळ सोडून भांडं भरावं आणि नळ बंद करावा तसा. टाकीचा अंदाज मला आहे. एवढ्या उतारात एक तांब्या पाणी जातं.

भिंतीवर खडूनं वेळा लिहून ठेवत गेलो. सहा सदतीस, सहा सदतीस, सहा अडतीस, पुन्हा सहा अडतीस. हे विजेचं काम नव्हे, वीज कधी इतकी नेमानं वागत नाही. सातव्या दिवशी मी आत जाऊन कॅलेंडर पाहिलं. सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात तो रकाना. माझी मोटर रोज त्याच्या पाच मिनिटं आधी चालू होत होती.

मी स्वतःशी हसलो. हसलो खरा, पण कॅलेंडर परत खिळ्याला अडकवण्याआधी तो रकाना पुन्हा एकदा वाचला.

४

रूपानं आधी रात्रीचं पाणी सोडलं. जेवताना निता गिलास पुढं करायची, ती सरकवून द्यायची. पोरांचे नखरे, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मग सकाळचंही सोडलं. चहा नाही, सरबत नाही, टरबूजसुद्धा नाही. दिवसातून एकदाच प्यायची. मोटर चालू होऊन बंद झाली की टाकीपाशी जायची, नळाखाली गिलास धरायची आणि उभ्यानं एका दमात पिऊन टाकायची. मग गिलास पालथा घालायची.

हे तिला कुणी शिकवलं? आमच्या घरात कुणी गिलास पालथा घालत नाही.

विदर्भातला उन्हाळा आणि सात वर्षांची पोर दिवसाला एका गिलासावर. चौथ्या दिवशी ओठ फुटले. सहाव्या दिवशी ती उठून उभी राहिली आणि खाली बसली. दवाखान्यात नेली, दोन बाटल्या सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, तोंड साफ आहे, घसा साफ आहे. मनात काहीतरी घेतलं असेल, रागावू नका. पण पाणी पोटात गेलं नाही तर पुढं माझ्या हातात काही नाही, हेही त्यांनी बाहेर नेऊन सांगितलं. निता तिथंच भिंतीला धरून रडायला लागली.

घरी आणल्यावर मी रूपाला मांडीवर घेतलं. "काहून नाही पीत बेटा? सांग ना बाबाले."

"आत्ता नाई. तिच्यासंगं पेतो."

"कोणासंगं?"

ती माझ्या शर्टाचं बटण चाळवत म्हणाली, "तिले इथं करमत नाई बाबा. एकटीले पाणी नाई जात."

मी भूत मानत नाही. हे वाक्य मी त्या दिवशी मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं की शेवटी त्याला काही अर्थच राहिला नाही. संध्याकाळी मोटर चालू झाली तेव्हा मी रूपाला घट्ट धरून ठेवलं. ती रडली नाही, सुटायची धडपडही केली नाही. नुसती टाकीकडे पाहत राहिली, आणि मोटर बंद पडली तेव्हा कुणीतरी आपल्याशिवाय जेवून उठावं तसं तिचं तोंड झालं. त्या दिवशी तिनं तो एक गिलासही घेतला नाही.

५

सकाळी मी कारंजा गाठलं आणि गुलाबबाईंसमोर सगळं ओकून टाकलं. रिकामी बादली, वाजवलेला रहाट, माझ्या विहिरीत गेलेलं पाणी. शिव्या खायची तयारी ठेवून गेलो होतो. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि खाली बसल्या.

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीपासून घर सुनं सुनं वाटून राह्यलं."

"काकू, तुमच्या इथं पण मोटर अशी चालू व्हायची?"

"रोज. आमच्या सगळ्यांचं पाणी पिऊन झालं की एकदा. मोटर नव्हती तवा रहाट फिरायचा. माझं लग्न झालं तवापासून पाहून राह्यली मी."

"कोण आहे ते?"

त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी काहीतरी असभ्य विचारलंय. "आपल्या घरचं पाणी पिणाऱ्याले कोणी विचारते काय, तू कोण म्हणून?"

माझा संयम सुटला. मी ओरडलो की माझी पोर मरते आहे, मला रीतभात सांगू नका. आतून जिनेश धावत आला. गुलाबबाईंनी हातानंच त्याला थांबवलं, उठल्या आणि कपाटातून नवं कोरं पांढरं फडकं काढून दुहेरी घडी घातली.

"जी टाकी नेली ती या फडक्यातून रिकामी कर. वरतून तुह्या विहिरीचं पाणी, जेवढं उपसशीन तेवढं गाळ. मंग फडकं उलटं धू, अन् ते पाणी दिवस मावळायच्या आत घेऊन ये. सांडू नको."

"आणि यानं होईल?"

"तुनं जे नेलं ते परत येईन. बाकीचं मले काय मालूम?"

६

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कामाला लागलो. निता शेजारून कळशा घेऊन आली. सलाइनच्या बाटलीपेक्षा फडकं बरं, एवढंच म्हणाली. पण एका माणसाला दोरही ओढता येत नाही आणि फडकंही धरता येत नाही. निता दोरावर होती, मी ओतत होतो, फडक्याची दोन टोकं घंगाळाला बांधली तरी तिसरं सारखं सुटत होतं.

रूपा कधी उठून आली कळलं नाही. भिंतीला धरत धरत आली आणि सुटलेलं टोक दोन्ही हातांनी धरून बसली.

"जा बेटा, पडून राह्य."

"मी धरतो ना," ती म्हणाली.

पाणी तिच्या बोटांवरून, मनगटांवरून फडक्यात पडत होतं. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा ती हसली. मला इतकं बरं वाटलं की मी तिला उठवलं नाही. तीन तास ती तशीच बसली होती, कोपरापर्यंत ओली. शेवटी टाकी रिकामी झाली, विहिरीचा तळ दिसायला लागला. मी फडकं उलटं धुतलं, पाणी स्टीलच्या डब्यात भरून झाकण आवळलं. रूपा तिथंच ओट्यावर झोपून गेली होती. तिला उचलून आत नेलं. हाताला ती हलकी लागली.

दुपारच्या उन्हात डबा मांड्यांमध्ये धरून गाडी चालवली. पॅन्टवरून मांडीला गारठा लागत होता. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला मी डब्याला जपून धरत होतो, पोरगी पुढं बसवल्यासारखा.

गुलाबबाई जाळी उघडून वाट पाहत होत्या. डबा त्यांनी बादलीत ओतला, दोर माझ्या हातात दिला. या वेळी मी बोट बोट करून सोडला. बादली पाण्याला टेकली, कडीच्या ओढीनं उलटली. आवाज झाला नाही. वर ओढली तेव्हा ती कोरडी वाटावी इतकी रिकामी होती.

थोड्या वेळानं माझा फोन वाजला. निता होती. ती रडत होती की हसत होती, कळेना. "पेली! अवो, पेली! उठली अन् माठातून घेऊन तीन गिलास पेली. आणखी मागून राह्यली."

मी विहिरीच्या कठड्याला टेकून लहान पोरासारखा रडलो. जिनेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुलाबबाई म्हणाल्या, "आता आमच्याच घरी चहा घे अन् मंग जाय."

चहा झाला. त्यांचं जेवण झालं, सगळ्यांचं पाणी झालं, तांब्या पालथा पडला. घड्याळात सहा बेचाळीस. परसात मोटर चालू झाली. सात-आठ सेकंद चालली आणि थांबली. गुलाबबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

"आली बाई घरी," त्या म्हणाल्या. मीही हसलो. आयुष्यात पहिल्यांदा एका बिघाडाचा मला आनंद झाला होता.

तेवढ्यात मोटर पुन्हा चालू झाली.

गुलाबबाईंनी डोळे उघडले. आधी मोटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तितकेच सात-आठ सेकंद, आणि मोटर थांबली.

मी उठून विहिरीपाशी गेलो. जाळीतून वाकून पाहिलं. खाली अजून थोडा उजेड होता. पाण्यालगत, चिऱ्यांना टेकून एक डोकं होतं, केस पाण्यावर पसरलेले. त्याच्या शेजारी दुसरं, लहान. मला वरून फक्त त्याचा भांग दिसला. वाकडा होता. सकाळी निता कळशा आणायला गेली होती, म्हणून अंथरुणावरच रूपाची वेणी मी घातली होती, आणि माझ्या हातून भांग कधीच सरळ पडत नाही.

मग दिवस मावळला आणि खाली नुसता काळोख उरला.

७

रूपा आता ठणठणीत आहे. सकाळी पाणी पिते, दुपारी पिते, झोपताना पिते. गालांवर मांस आलं. डॉक्टर खूश आहेत, निता तर इतकी खूश आहे की तिच्याशी काही बोलायचं माझ्या जिवावर येतं. काय बोलू? पोर माझ्या गळ्यात पडते, मला बाबा म्हणते, शाळेचं दप्तर दाखवते. मी तिची वेणी घालायला बसतो आणि तिच्या डोक्याकडे पाहताना माझ्या हातातला कंगवा थांबतो.

रोज संध्याकाळी मी कारंज्याला जातो. नितासाठी मी कुठल्यातरी मोटरवर असतो. गुलाबबाई मला परसात खुर्ची टाकून देतात. मोटर एकदा चालते, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा चालते तेव्हा मी टाकीवर तळहात ठेवतो आणि ती थांबेपर्यंत काढत नाही.

त्या दिवशीचं सगळं पाणी रूपाच्या बोटांवरून फडक्यात गेलं होतं, हे डोक्यातून जाईना. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, मी एकदा या विहिरीचं पाणी गाळून घरी नेतो. एकदाच. माझी पोर मला परत नेऊ द्या."

त्या फडक्याच्या घड्या घालत होत्या. हात थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ने ना, बाबू," त्या म्हणाल्या. "पण घरी जे हाये, त्याले मंग कुठं सोडशीन?"

तेवढ्यात निताचा फोन आला. रूपा जेवायची थांबली आहे, बाबा आल्याशिवाय घास घेत नाही म्हणते, लवकर या. मी येतो म्हणालो. गाडीपाशी गेलो, किल्ली लावली आणि किती तरी वेळ तिथंच उभा राहिलो.